सातवी ‘ब’चा नकाशा

शाळेला साठ वर्षं होणार म्हणून
मगदूम सरांनी फर्मावलं :
माधवनगरचा नकाशा हवा, स्मरणिकेच्या मधल्या पानावर,
खुणेच्या जागा ठळक.

मी चित्रकलेची बाई.
सातवी ‘ब’ला कार्डशीट वाटले, म्हटलं,
घरी विचारून या कुठं काय आहे.

मुलं विचारून आली
कुठं काय होतं.

शहनाज मुजावरनं गिरणी काढली, धुरासकट.
भोंगा कधीचा मुका झालाय,
तिच्या आजोबांचा डबा अजून त्याच ठोक्याला उघडतो.
तेजपालनं काढला जकात नाका,
आडवा बांबू, बांबूअलीकडं
हळदीची पोती घेऊन खोळंबलेली गाडी.
‘अरे, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे ना?’
‘व्हय बाई. पण रिक्षावाल्याला नाकाच सांगावा लागतोय.’

सोनल ऐवळेचा कागद जवळजवळ कोरा.
शाळेमागं, सायकल स्टँडच्या जागी,
एक गोल. आत निळा रंग, जरा बाहेर गेलेला.
‘हीर हाय, बाई. शाळेच्या आदीची.
आमच्या पणजीला हितं वरनं ओतायचे पाणी.
ती उभी राहायची ती जागा आईला म्हाईत हाय.’

कुणीतरी पट्टी खाली पाडली.
मी म्हटलं, छान. रंग रेषेच्या आत ठेव.
दुसरं काही सुचलं नाही.

सर चष्मा कपाळावर चढवून बघत होते.
‘विहीर कशाला? बुजवलेली आहे.’
‘गिरणीही बंदच आहे, सर.’
‘गिरणीचं वेगळं.’
वेगळं कसं, ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही. पगारवाढीची फाईल टेबलावर होती.

छापायला देताना मी एक गोल ठेवला,
चवलीएवढा,
सूचीत त्याला नाव दिलं नाही.
इतकंच धाडस.

समारंभाला मांडव, पेढे, आमदारांची वाट बघणं.
सोनलची आई पाठीमागच्या फरशीवर
टाच आपटून बघत होती,
एकदा इथं, एकदा हातभर पलीकडं,
नकाशाची घडी बगलेत.

सगळे गेल्यावर
मीही चप्पल काढली.