निरंजनचा वर्ग

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. नाशकात, पवननगरच्या तिसऱ्या मजल्यावर
अंबडची दुसरी पाळी संपवून यज्ञेश आला
आणि हात न धुताच म्हणाला, माझा माणूस ठरला.
निरंजन. कोरड्या विहिरीतून त्याला आवाज आला,
तेवढ्यावर त्यानं पंथ काढला.
नियम एकच: दाराला कुलूप नाही.
अनुयायी अकरा. त्यातले तिघे चोर,
हे त्याला ठाऊक नाही.

मग वर्ग कोणता?
तबस्सुम म्हणाली, शाहीर. जीभ आहे ना, पुरे.
मृदुला म्हणाली, देव बोलतो म्हणतोय तर पुजारीच.
मी म्हटलं, मांत्रिक घे.
मांत्रिकाचा करार असतो,
पलीकडे कुणीतरी हिशेब ठेवतं.
यज्ञेश चिडला. त्यानं कशावर सही केलेली नाही, म्हणाला,
तो फक्त ‘हो’ म्हणाला.

चिवड्यातला कांदा संपला.
पेन्सिल बाजूला सारून त्यानं पेनानं लिहिलं: पुजारी.
बुद्धी सात, श्रद्धा अठरा.
मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे, माझ्या वहीत,
त्याच नावापुढे लिहिलं: मांत्रिक.

सगळे गेल्यावर, फासे डबीत भरताना सुचलं,
पुढच्या शनिवारी तो विहिरीवर वाकणार,
विचारणार, आता काय करू?
आणि आत,
तळाशी,
लाईटबिल थकलेला, लुंगीतला
मी.

दाराला कुलूप लावलं.
किल्ली हातात घेऊन
बराच वेळ तिथंच उभा होतो.