चिलखताचं माप

भाचा म्हणाला, मावशी, तू पाठीचे पट्टे करतेस,
आम्हाला खेळासाठी एक चिलखत काढून दे.
सन एकवीसशे नव्वद. चंबळ आटलेली,
बीहडात धूळ, आणि गोळ्या अशा
की कोपऱ्यावरून वळून माणूस शोधतात.
टेबलावर वीस बाजूंचा फासा, हातानं काढलेला नकाशा,
त्यावर बेडईच्या तेलाचा डाग.
तो डाग आता तलाव धरायचा, असं ठरलं होतं.

दिव्यांश भदौरियाचं चित्र तयारच होतं:
खांद्यांवर काटे, छातीवर निळा दिवा.
मी विचारलं, मान कशी वळवणार?
अंधारात हा दिवा कुणासाठी, नेम धरणाऱ्याच्या सोयीसाठी?
आणि लघवी?
मुलं हसली.
मी हसले नाही, कारण हे मी रोज विचारते.

दौलतगंजात माझी कार्यशाळा, वीस बाय दहा.
भट्टीत प्लास्टिकचा पत्रा मऊ होतो, लाटीसारखा लोंबतो,
तो प्लास्टरच्या धडावर ओढून घ्यायचा
थंड व्हायच्या आत.
एकोणीस वर्षांत एवढं कळलं
की चिलखत गोळीनं हरत नाही आधी.
आधी ते काखेत घासतं.
मग कमरेच्या हाडावर लाल वर्तुळ, रुपयाएवढं.
अर्ध्या तासात गेलं नाही
तर चूक शरीराची नाही, माझी.

म्हणून लिहा: दर दोन तासांनी एक फासा,
तीनच्या खाली पडला तर घाम डोळ्यांत.
पाणी पाठीवर, दोन लिटर.
वजन चौदा किलो.
चौदा म्हणजे काय, दिव्यांशनं विचारलं.
स्वयंपाकघरातला रिकामा सिलिंडर दाखवला. साधारण एवढंच.
घेऊन उरवाई चढून ये.

गेला की खरंच! मे महिना, पंचेचाळीस अंश,
बाकीचे मागे बाटल्या घेऊन.
अर्ध्या चढावर बसला.
वर कातळात तीर्थंकर उभे,
पाचशे वर्षं, अंगावर सूतही नाही,
काहींचे चेहरे फोडलेले.
तो बराच वेळ वर पाहत होता म्हणे.
परत आला तेव्हा निळा दिवा खोडलेला होता.

ऋजुता शितोळे इतका वेळ काही बोलली नव्हती.
अकरावीत आहे. माझाच पट्टा घालते,
बावीस तास, सदऱ्याच्या आत.
(नावाचा अर्थ सरळपणा. कणा नागमोडी.
हा विनोद तीच करते, दुसऱ्या कुणी करायचा नाही.)
म्हणाली, काढण्याचा नियम नाही लिहिलात.
शेवटचा पट्टा सुटतो ना, तेव्हा अंगाला एकदम हवा लागते,
आणि पाच मिनिटं नीट उभंच राहता येत नाही,
आपलं आपल्याला धरून ठेवायला विसरतो माणूस.
शत्रूनं तेव्हा यावं.
मग फासा हातात घोळवत,
पण बरंही तेव्हाच वाटतं सगळ्यात.

भाच्यानं लिहून घेतलं: काढताना, बचाव शून्य.
दुसरं वाक्य कुठल्या रकान्यात लिहायचं
कुणालाच सुचेना.
डाव्या खांद्यावर एक काटा ठेवला शेवटी, उगाच,
दिव्यांशसाठी.

सोमवारी ऋजुता मापाला आली. उंची वाढली होती.
काखेत अर्धा सेंटिमीटर कापायचा होता,
मी थोडा जास्तच कापला.
कडा घासत असताना विचारलं, मग, आला का शत्रू?
भट्टीचा पंखा चालू होता.
तिनं काही सांगितलंही असेल.