आवाजामागे इंजिन नव्हतं

हर्णैच्या बंदरावर लिलाव चार वाजता सुरू होतो.
तोवर माझ्याकडे दीड तास आहे
आणि संमतीपत्राच्या तेरा प्रती, खाऱ्या हवेनं मऊ पडलेल्या.

जाळं, गळ, आमिष, मासा:
हे शब्द प्रबंधात येऊ द्यायचे नाहीत असं मी ठरवलंय.
इथली माणसं जाळी विणतात, फाटली की शिवतात.
त्यांना ठाऊक आहे, जाळं कुणाशी खोटं बोलत नाही.

जुन्या फायलींत सगळं सोपं होतं.
लॉटरी लागल्याचा मेसेज, व्याकरणाच्या चुकांसकट.
मग कार्ड बंद पडल्याचा फोन,
मग रात्री साडेनऊला वीज तुटणार,
मग पडद्यावरचा वर्दीतला माणूस, ज्यानं
केळशीच्या निवृत्त पोस्टमास्तरांना
दोन दिवस त्यांच्याच माजघरात अटकेत ठेवलं.
दार उघडं होतं. खळ्यात सुपारी वाळत होती.
लघवीलासुद्धा ते विचारून गेले.
मी तारखा मांडते, रकमा मांडते,
आलेख वर जातो.

मुबीन होडेकर परत आलाय.
डेटा एंट्री म्हणून गेला होता, परदेशात कुठल्याशा नदीकाठी,
कुंपणाच्या आत. पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात.
अकरा महिने मराठी टेबलावर बसला.
"पहिलं वाक्य काय असायचं?"
तो होडीच्या कडेचा सुकलेला रंग नखानं खरवडतो.
"जेवलात का, विचारायचं. पैशाचं नाव आठवडाभर नाही."
आणि बऱ्याच वेळानं,
"आता माझ्या खुर्चीत कुणी नसेल. मशीन आणलीय.
ती घरी फोन करू द्या म्हणून रडत नाही."
गुन्हेगार की पीडित? मी दोन्ही चौकटींत खूण करते.
सॉफ्टवेअर एकच घेतं.

यमुना पावसे टोपली उपडी घालून तिच्यावर बसते.
यमुना हे नाव मी दिलेलं. खरं माझ्या कुलपात आहे.
तिचा रोहिदास मालवाहू जहाजावर. तीन वर्षं फोन नाही.
कंपनी म्हणते उतरला, बंदर म्हणतं उतरला नाही.
गेल्या श्रावणात फोन आला. आवाज त्याचाच.
आये म्हणाला, पुढं तोच दम घेतला,
लहानपणी दम्यानं घ्यायचा तसा.
नारळी पौर्णिमेला तो गायला होता, तो व्हिडिओ
कुणीतरी टाकलेला. बावीस सेकंद. तेवढे पुरतात
हे मी तिला सांगत नाही, प्रकरण चारमध्ये लिहिलंय.

प्रश्न एकोणीस. फसवणूक केव्हा लक्षात आली?
"लगेच."
मी मान वर करते.
"बोटीवरनं बोलतो तेव्हा माग इंजिन असतं, बाय.
घुर्र घुर्र. ह्याच्या माग कायच नव्हतं.
इहिरीतनं बोलल्यासारखा."
"मग अठरा हजार?"
ती माझ्याकडं बघते, जशी
भाव न कळणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघावं.
"मी इचारलं, जेवलास काय?
तो म्हनला, जेवलो."

प्रश्नावलीत पुढचा प्रश्न तक्रारीचा आहे.
तो मी विचारला. तिनं नाही म्हटलं.
नंबर? अजून तिच्या फोनात आहे, रोहिदास नावानं.
लागत नाही. लावून बघते मात्र.

चार वाजले. बैलगाड्या पाण्यात शिरल्या,
यमुना पदर खोचून उठली,
पापलेटाच्या ढिगावर कुणाशीतरी कडाकडा भांडली
आणि जिंकली.

रात्री दापोलीतल्या खोलीवर मी टेप उतरवून काढते.
नियम असा की पार्श्वभूमीचा गोंगाट गाळायचा,
म्हणजे शब्द स्वच्छ राहतात.
तिच्या "जेवलो"नंतर सात सेकंद कुणीच बोलत नाही,
फक्त दूरवर एक ट्रॉलर किनाऱ्याकडं येतोय.
बोट बटणावर आहे.
मी ते सात सेकंद पुन्हा लावते.