वासाचा रकाना

पहिल्या दिवशी एर्सिरा मिल्यालोंकोनं
चहा दिला, बसायला पाट दिले
आणि विचारलं, तुम्ही कितवे?

वाल्दिव्हियाच्या विद्यापीठातून आम्ही तिघं,
काचेच्या बाटल्या, मोजपट्ट्या, संमतीपत्रांचा गठ्ठा.
चिलोएच्या त्या टोकाला दुपारीही दिवा लावावा लागत होता.
तिनं बोटं मोडली. दाढीवाला एक.
ती सर्दी झालेली बाई.
मग ते दोघं, ज्यांनी बादलीभर शिनाणे नेले
आणि बादलीसुद्धा परत केली नाही.
"निळी होती," ती म्हणाली. "झाकणाची."

पुढच्या खेपेला मी निळी बादली नेली.
हिचं निळं वेगळं, म्हणाली,
पण ठेवून घेतली.
प्रकल्पाच्या हिशेबात ती
'इतर किरकोळ'मध्ये दाखवली आहे.

मग तिनं वह्या काढल्या.
शाळकरी, चौकटीच्या, एकोणीस वर्षांच्या.
ओहोटी कधी लागली, पाण्याचा रंग, वारा कुठला,
बटाट्याचा भाव, नातवाला दात आला,
सगळं एका ओळीत, एका पेन्सिलीनं,
आणि दर ओळीच्या शेवटी
वास.

आमच्या तक्त्यात वासाला रकाना नव्हता.
तापमान होतं, क्षारता होती,
शेऱ्यासाठी बोटभर जागा होती.
प्रोफेसर ओयार्सून म्हणाले, वासाचं एकक काय?
एर्सिरा म्हणाली, नाक.

दोन संध्याकाळी नुसतं भांडण.
बारा शेवाळवाल्या, एक चूल,
ओले बूट भिंतीला टेकवून ठेवलेले.
नेल्दा म्हणे तीन पायऱ्या पुरेत, तिची बहीण म्हणे नऊ.
शेवटी पाच ठरल्या:
काही नाही.
ओला कुत्रा.
बंद कपाट.
सासूचं बंद कपाट.
पाचवीला त्यांनी नाव दिलं नाही,
नुसतं एकमेकींकडे पाहिलं,
आणि हसू होतं ते विझलं.
समुद्र विषारी झाला त्या वर्षीचा वास तो.
तक्त्यात तो आकडा आहे. नुसता पाच.

यंत्र आणि नाक अकरा वेळा जुळले.
चार वेळा नाही.
त्या चार वेळांचं काय करायचं
हे अजून ठरलेलं नाही.

नकाशावर एक खाडी कोरी आहे.
कालवं तिथं हाताएवढी होतात म्हणे,
मी पाहिलेली नाहीत.
बायकांनी मतं घेतली, हात वर करून,
आणि ठरवलं: ही सांगायची नाही.
छापखान्यातून फोन आला, इथं शाई उडाली आहे का?
नाही, म्हटलं, इथं कागदच ठेवायचा आहे.

वर्षाअखेर आम्ही सगळं वाचून दाखवलं
चॅपलशेजारच्या सभागृहात.
पहिल्या पानावर आमच्या नावांत तिचं नाव,
तिनं ते एकदा पाहिलं, स्पेलिंगपुरतं.
मग आलेखावर बोट ठेवलं,
रेघ तुटली होती तिथं. ऑगस्टची चौदा.

"इथं काय?"
नोंद नाही, मी म्हणाले. अशा जागा राहतात.
"नोंद आहे."
वही उघडली. त्या तारखेला एवढंच:
*रोसामेलला नेलं.*
ना वारा, ना रंग, ना बटाटे.

त्याच्या होडीतूनच आम्ही वर्षभर नमुने घेतले होते.
चौदा तारखेला मी वाल्दिव्हियात होते,
रिकामा चौकोन पाहून
तिथं एक आडवी रेघ मीच मारली होती.

परीक्षकांनी विचारलं, या खंडाचं कारण द्यावे.
प्रोफेसरांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली.
ती बराच वेळ बोलली नाही,
पडद्यावरचा कर्सर लुकलुकत राहिला.
मग तिनं सांगितलं, मी टंकलं:

त्या दिवशी पाणी होतं.
बघायला कुणी नव्हतं.
दोन्ही लिहा.