पाचर

आमच्यात पाचर मारणं चांगलं समजत नाहीत.
जमलेल्या लग्नात, ठरलेल्या सौद्यात
कुणीतरी मारतं,
आणि मग वर्षानुवर्षं त्याचं नाव निघत राहतं.
मी पाचरीच विकते,
भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागल्या गल्लीत,
पन्नासाचा गठ्ठा, सुतळीने बांधून.

घोसाळकर पहिल्यांदा आले तेव्हा मी सागवान काढलं,
अण्णांच्या वेळचं, ठेवणीतलं.
त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. नको म्हणाले.
पोचट दाखवा. खोक्याचं.
देवदार, पाइन, कुणी घेत नाही ते.
रंग नको, पॉलिश नको, घासूही नका.
मला राग आला.
तीन पिढ्यांच्या दुकानात
माणूस खडबडीत माल मागतोय, तोही चवीने.

तेवीस वर्षं जहाजाच्या पोटात काढली म्हणे.
आता लोणीला पोरांना शिकवतात,
जिथून समुद्र घाटाखाली, अर्ध्या दिवसावर.
माझ्याच फळीवर त्यांनी खडूने एक भोक काढलं,
मुठीएवढं.
हे पाण्याखाली दहा फुटांवर आहे, समजा.
तुमच्या सोसायटीत दहा हजारी टँकर येतो ना?
तो सात मिनिटांत आत.
टँकरचं बिल मीच भरते.
मला लगेच कळलं.

फाटलेल्या पत्र्याला कडा सरळ नसते, ते म्हणाले.
सागवान तिथे ताठ उभं राहतं
आणि पाणी बाजूने येतच राहतं.
पोचट लाकूड चेपतं,
पाणी पितं, फुगतं,
मग सोडत नाही.
आमच्या ह्यांच्यासारखं, मी म्हटलं.
ते हसले नाहीत.
चहा संपल्यावर हसले.

पुढल्या खेपेला मालाबरोबर मीही गेले, टेम्पोत पुढे बसून.
उसाच्या कडेला पत्र्याची शेड,
शेडमध्ये पोलादाची खोली,
खोलीला मुद्दाम पाडलेली भोकं.
पाणी कालव्याचं.
दिवे घालवले, व्हॉल्व्ह सोडला,
आणि जो आवाज झाला
तो मला आजही दुपारी दुकानात ऐकू येतो, करवत बंद असताना.

आधी ओरड, घोसाळकर वरून सांगत होते.
कुठे, केवढं, कितव्या फ्रेमला.
मग हातोडा.
उलटं केलंस तर तू हिरो होशील,
जहाज राहणार नाही.

निवास कुंजीर, थेऊरचा, अठराचा असेल.
ओरडला. पाणी मांडीला.
शर्ट काढून पाचरीला गुंडाळला, लावली, ठोकली,
दुसरी लावली, ठोकली,
तिसरी उभी फाटली.

गाठीवर फाटली.
ती गाठ मी पाहिली होती.
शनिवार होता, टेम्पोवाला हॉर्न देत होता,
बोट फिरवलं होतं तिच्यावरून
आणि गठ्ठ्यात सारली होती.

पाणी कमरेला. पोराने तळहात दाबला भोकावर,
तळहात मागे फेकला गेला.
मग गुडघा.
मागून कुणीतरी चौथी दिली.
ती बसली.
कडेने अजून झिरपत होतं,
असू दे, घोसाळकर म्हणाले,
एवढं पंपाला झेपतं.
सगळं बुजवायला बसू नकोस, पुढचं भोक बघ.

कुणी मला काही बोललं नाही.
निघताना त्यांनी तो फाटका तुकडा माझ्या पिशवीत टाकला,
वर कोथिंबिरीची जुडी ठेवली,
लोणीची, स्वस्त होती.

आता गाठीचं लाकूड बाजूला पडतं.
कामाला ठेवलेला सादिक म्हणतो, ताई,
एवढं काढलं तर हातात काय उरेल?
दोनशेची ऑर्डर आहे, मंगळवारी द्यायची आहे,
एकशे बारा झाल्यात.

तुकडा गल्ल्यापाशी असतो.
पंखा लावला की बिलं उडतात,
त्यांच्यावर ठेवते.