एकोणीसशे साठ गाउस

मंगळवारी द्रव हेलियम मिळतं.
बद्रीलालजी टाकी ढकलत आणतात,
पांढरी वाफ फरशीवर सांडत,
आणि विचारतात, "मॅडम, आज बोलेगा क्या आपका कैदी?"

कैदी हा शब्द त्यांचा. मी एवढंच सांगितलं होतं
की अँटिमनीच्या बारा अणूंचा पिंजरा आहे,
आत एकटा इटर्बियम,
आणि पिंजरा त्याच्या मापाला मोठा.
थोरल्या भावाच्या स्वेटरमधल्या पोरासारखा
तो आतल्या आत हलत राहतो.

काम रात्रीच. दिवसा खंडवा रोडच्या ट्रकांनी
पडद्यावरची रेषा थरथरते.
नमुना तांदळाच्या कणीएवढा,
क्वार्ट्झच्या नळीत ग्रीसच्या थेंबावर चिकटवलेला.
चार केल्विन.
सूक्ष्मलहरी एकाच सुरावर धरून
मी चुंबकक्षेत्र चढवत नेते,
लग्नघरात कुणाला तरी शोधताना
एकेक नाव घेऊन बघावं तसं.
हजार. बाराशे. सोळाशे.
कोणी ओ देत नाही.

एकोणीसशे साठला
रेषा उसळते, बुडते, पुन्हा सपाट.
एवढंच.
एवढ्यासाठी तीन आठवडे भट्टी आणि दोन फुटलेल्या नळ्या.

दुर्मिळ मृदा म्हणतात यांना.
पुण्याहून आलेले सर पहिल्याच दिवशी म्हणाले,
दुर्मिळ कसल्या, चांदीहून जास्त सापडतात;
फक्त एकमेकींत अशा मिसळलेल्या
की वेगळं काढताना माणूस हात टेकतो.
मी म्हटलं, "हो सर, तेच वाचून राहिलेय."
ते हसले. वाईट नव्हते हसले.
चार पिढ्या रामबागेतली आमची मराठी,
तिच्यातून काय काय वेगळं काढणार?

आता तापमान वाढवायचं.
सहा. दहा. चौदा.
रेषा पसरते, ठेंगणी होते,
विसाव्या केल्विनला पडदा कोरा.

"भाग गया?"
नाही, बद्रीलालजी. तिथेच आहे.
ऊब लागली तशी त्याची धडपड वाढली,
एका हाकेपुरतंही थांबणं होत नाही त्याच्याच्यानं.
वहीत लिहिते: वीस केल्विन, संकेत नाही.
'आयन नाही' असं लिहीत नाही.

पावणेचारला हेलियम संपतं.
थर्मासमधला चहा दोघांत अर्धा अर्धा,
साखर त्यांच्या हिशोबाची.
फोन वाजतो. आई.
तिला ठाऊक असतं कुठल्या वेळी लावला की मी उचलते.

"हो, हो," म्हणते मी,
"येऊन राहिलेय."