विषय : मागील जिन्याबाबत

धंतोलीतलं हे घर घेतलं तेव्हा
दलालाने समोरचा गोल सज्जा दाखवला,
रंगीत काचा, मोझॅकमधलं कमळ,
आणि कोपऱ्यावरून परत फिरताना म्हणाला,
'तिकडे काही नाही मॅडम, नुसता जिना आहे.'

नंतर कळलं, घर यादीत आहे. श्रेणी दोन.
बाहेरून खिळा ठोकायचा तरी समितीला विचारायचं.
पहिला अर्ज केला, तीन प्रतींत :
दर्शनी भिंतीला चुना,
समोरच्या खिडकीत कूलर, कारण नवतपा कुणाला विचारून येत नाही,
आणि मागचा लोखंडी जिना काढून टाकणे.
'कारण' या शब्दापुढे एकच ओळ होती.
मी लिहिलं, 'वापरात नाही.'

पाहणीला जतनतज्ज्ञ देशकर आले.
कूलरवर नाक मुरडलं, चुन्याला मान डोलावली,
जिन्यापाशी मात्र चप्पल काढावी तसे थबकले.
कठड्यावरच्या लोखंडी वेलींची धूळ बोटाने पुसली.
'ओतीव काम. असं आता कुठे मिळतं?'
त्यांच्या नकाशात त्याचं नाव होतं : सेवा-जिना.
किती स्वच्छ शब्द.
धुऊन, इस्त्री करून ठेवलेला.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी
बाबांची मोठी बहीण, सुखरानी बुआ, ऑटोतून उतरली.
दार सताड उघडं, दारात रांगोळी,
सगळे 'या, या' करत उभे,
आणि बुआ फाटकातून सरळ डावीकडे वळली,
भिंतीला धरून धरून मागे गेली.
कुणी सांगितलं नव्हतं. पायांना ठाऊक होतं.
चढली नाही. खालूनच म्हणाली,
'सातवी अब भी हिलती है क्या?'
मी पाय ठेवून पाहिला.
हलत होती.

सुनावणीत माझा नंबर एका वकिलाच्या गच्चीनंतर लागला.
अध्यक्षांनी विचारलं, 'काढायचा का आहे नेमका?'
मी म्हटलं, पायऱ्या अठरा आहेत
आणि वर गेलं की दार नाही.
टिनाची झडप आहे, गुडघ्याएवढी.
माणूस आत यावा म्हणून नाही,
टोपली बाहेर निघावी म्हणून.
माझी बुआ अकरा वर्षांची असल्यापासून

पुढचं वाक्य मी पूर्ण केलं की नाही, आठवत नाही.
पंख्याचा आवाज आठवतो.
कुणीतरी फाइलीचं पान उलटलं, ज्यावर काही नव्हतं.
देशकर पेनाचं टोपण लावत होते, काढत होते.

सतरा दिवसांनी पत्र.
कूलर नामंजूर, मागच्या बाजूला चालेल.
चुना मंजूर, पण पांढरा नको, बदामी.
जिना : 'दुर्मीळ घटक. मूळ स्वरूपात जतन करावा.'
आणि छापील ओळींच्या बाहेर, शाईच्या बारीक अक्षरात,
'तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. ना. दे.'

दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही.
बाबा म्हणाले, विकून टाकू न हे,
मनीषनगरला फ्लॅट घेऊ, तिथे जुनं काहीच नसतं.
बुआ हसली, दातांवाचून.
'लोहा है. उसका क्या कसूर.
रहन दे. पर ऊपर दरवज्जा निकाल.'

म्हणून हा दुसरा अर्ज.
सातवी पायरी पक्की करून घेतली आहे;
तेवढ्या दुरुस्तीला मंजुरी लागत नाही, विचारून घेतलं.
नकाशातला 'सेवा' खोडून
तिथे खरा शब्द लिहावा, ही विनंती.
आणि झडपेच्या जागी एक दार :
सागवानी, सात फूट उंच,
कुणालाही वाकावं लागू नये असं,
बैठकीच्या खोलीत उघडणारं.
कडी आतून. घंटा बाहेरून.

'कारण'पुढे अजूनही एकच ओळ आहे.
पुरली नाही.
कृपया मागे पाहावे.